कुत्र्याचा हटत नसलेला खोकला: घरी काय बघायचं, काय द्यायचं, गाडी कधी काढायची (सातारा-सांगली)

कृष्णाकाठ

महिनाभर खोकला, दोन-तीनदा अँटिबायोटिक झालं, चार दिवस बरं वाटलं आणि पुन्हा तेच. अशा पोस्टी इथल्या वेगवेगळ्या धाग्यांवर विखुरल्या आहेत, म्हणून हा वेगळा धागा. कुत्रं गंभीर आजारी आहे, निदान झालंय किंवा तपासण्या चालू आहेत आणि आता घरी रोज सांभाळायचं आहे, एवढ्यापुरतं बोलू. अनुभवकथनाला दुसरे धागे आहेत. इथे लक्षण, माप, औषधाची वेळ आणि कुठे घोटाळा होतो ते लिहा.

सुरुवात मोजण्यापासून. घरातले सगळे खोकला मोजत बसतात, पण हृदयाच्या किंवा फुप्फुसाच्या दुखण्यात तब्येत कुठे चाललीय हे झोपेतल्या श्वासावरून कळतं. फुप्फुसात पाणी भरायला लागलं की श्वासाचा वेग आधी वाढतो. खोकला मागून येतो, कधी येतच नाही.

कुत्रं गाढ झोपलेलं हवं, नुसतं डोळे मिटून पडलेलं चालणार नाही. पाय झटकत असेल, ओठ फडफडत असतील तर स्वप्न चालू आहे, ते संपू द्या. खोली तापली की आकडा आपोआप वाढतो, म्हणून सांगलीच्या एप्रिल-मेमध्ये दुपारी मोजू नका, पहाटे मोजा. छाती वर येऊन खाली गेली की एक श्वास. मोबाइलवर ३० सेकंद लावा आणि येईल त्याची दुप्पट करा. ३० च्या आत असेल तर ठीक. ३० ते ४० असेल तर तासाभराने पुन्हा मोजा. तसाच राहिला तर त्याच दिवशी डॉक्टरांना फोन. झोपेत ४० च्या वर गेला तर फोन लावत लावतच गाडी काढायची.

३० ही सगळ्यांसाठीची ढोबळ रेघ आहे. एखाद्याचा नेहमीचा आकडा १६ असेल आणि चार दिवसांत तो २६ वर गेला, तर ‘अजून ३० कुठे झालेत’ म्हणून थांबू नका. तब्येत बरी असतानाच रोज मोजून त्याचा स्वतःचा आकडा ठरवून ठेवा. दुधाचा हिशेब ज्या कॅलेंडरवर लिहिता तिथेच लिहा, म्हणजे घरातल्या प्रत्येकाच्या नजरेस पडतो.

पसरणीघाट

यात हिरड्यांची भर घालतो. वरचा ओठ उचलून सुळ्याच्या वरची हिरडी बोटाने दाबायची आणि सोडायची. पांढरा झालेला ठिपका दोन सेकंदांच्या आत पुन्हा गुलाबी व्हायला हवा. हिरडी काळीच असेल तर जीभ किंवा खालच्या पापणीची आतली बाजू बघा. निळसर, राखाडी किंवा पांढरीफटक दिसली तर श्वास मोजण्यात वेळ घालवू नका.

ताप गुदद्वारातून मोजायचा. साधा डिजिटल थर्मामीटर, टोकाला थोडं व्हॅसलीन. १०१ ते १०२.५ फॅरेनहाइट नॉर्मल. नाक गरम-गार लागण्यावरून ताप ठरत नाही, हे घरातल्या वडीलधाऱ्यांना एकदा नीट समजावून सांगा.

उबळीचा व्हिडिओही काढा. दवाखान्याच्या टेबलावर कुत्री बहुतेक वेळा खोकत नाहीत. बाजूने काढा, तोंड आणि बरगड्या दोन्ही दिसायला हव्यात, आवाज चालू ठेवा. अर्धा मिनिट पुरतो.

गोठा_ते_घर (पशुवैद्य)

चांगला धागा. खोकल्यामागे काय काय असतं ते थोडं सविस्तर लिहितो, कारण एकाचं औषध दुसऱ्याला घात करतं.

त्याआधी एक महत्त्वाचं. रेबीजची लस झालेली नाही किंवा कधी झाली ते ठाऊक नाही, आवाज बदललाय, लाळ गळतेय, घशात हाड अडकल्यासारखं करतोय, असं कुत्रं समोर असेल तर तोंडात हात घालून हाड शोधू नका. रेबीजमध्ये घशाचे स्नायू लुळे पडतात आणि ते हुबेहूब असंच दिसतं. लाळ हाताला, जखमेला लागली असेल तर साबण आणि वाहत्या पाण्याने १५ मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी माणसांच्या दवाखान्यात जा.

आता खोकला. ‘उलट्या करतोय’ म्हणून आणलेलं कुत्रं पुष्कळदा खोकत असतं. उबळ येते, मान लांबवतो, शेवटी उमासा येऊन पांढरा फेस पडतो. उलटीत पोट आधी आकसतं आणि अन्न किंवा पित्त बाहेर येतं. हा फरक व्हिडिओत लगेच दिसतो.

पॉमेरेनियन, स्पिट्झ, डॅशहंड अशा लहान जाती, वय आठ-नऊच्या पुढे, रात्री किंवा पहाटे खोकला, फिरताना लवकर दमणं: डाव्या झडपेचं दुखणं आधी डोक्यात येतं. झडप नीट मिटत नाही, रक्त उलटं डाव्या कप्प्यात येतं, कप्पा फुगतो. स्टेथोस्कोपने डाव्या बाजूला फुसफुस ऐकू येते. डॉबरमन, ग्रेट डेनमध्ये झडपेपेक्षा हृदयाचा स्नायूच ढिला पडतो. तिथे खोकला कमी आणि एकदम चक्कर येऊन पडणं जास्त.

त्याच लहान जातींमध्ये श्वासनलिकेच्या कड्या मऊ पडून नळी चपटी होते. पाहुणे आले, पट्टा ओढला, पाणी प्यायलं की बदक ओरडल्यासारखा कोरडा खोकला. अशा कुत्र्याच्या गळ्यात पट्टा नकोच, छातीवरून जाणारा हार्नेस घ्या. वजन कमी केल्याने यात जेवढा आराम पडतो तेवढा बऱ्याच औषधांनीही पडत नाही.

दोन महिन्यांच्या वर रोज खोकला, बाकी खाणं-खेळणं ठीक, एक्स-रेत हृदय नॉर्मल: जुनाट ब्राँकायटिस. ताप, ओला खोकला, नाकातून पू, जेवण बंद: न्यूमोनिया. पिल्लू, डोळ्यांत चिपडं, नाक वाहतंय, जुलाब, पुढे जबडा किंवा पाय उडायला लागणं: डिस्टेंपर. वयस्क मादी, नसबंदीचं ऑपरेशन झालेलं नाही, सडात गाठ, आणि आता खोकला: गाठ फुप्फुसात उतरली आहे का ते बघावंच लागतं.

बोर्डिंगमधून किंवा डॉग शोमधून आल्यावर चार-आठ दिवसांत सुरू झालेला, घसा खरवडल्यासारखा खोकला बहुधा केनेल कफ (कुत्र्यांचा संसर्गजन्य खोकला) असतो आणि दोन आठवड्यांत ओसरतो. सेव्हन-इन-वन लसीत त्यातल्या बोर्डेटेला जंतूची लस नसते, ती वेगळी घ्यावी लागते. हा खोकला दोन आठवड्यांपलीकडे गेला तर मात्र त्याच नावाखाली औषध चालू ठेवू नका.

तपासणीबद्दल. छातीचा एक फोटो पुरत नाही. कुत्रं ज्या कुशीवर झोपतं त्या बाजूचं फुप्फुस दबतं आणि तिथली गाठ लपते. म्हणून उजवी कूस, डावी कूस आणि वरून खाली असे तीन फोटो मागा. धाप लागलेली असेल तर उताणं घालायचं नाही. आधी ऑक्सिजन, मग पोटावर बसवूनच फोटो.

माणदेशी

डॉक्टर, आमच्या भागात कारवानी जातीची कुत्री जास्त. एक्स-रेवर ‘हृदय मोठं’ असा शेरा आला की लगेच हृदयाच्या गोळ्या चालू होतात. या जातीचं हृदय मुळातच मोठं असतं ना?

गोठा_ते_घर (पशुवैद्य)

बरोबर धरलंत. एक्स-रेवर हृदयाची लांबी-रुंदी पाठीच्या मणक्यांशी ताडून आकडा काढतात. १०.५ च्या वर गेला की मोठं, असा ढोबळ नियम आहे. लॅब्राडोर आणि बॉक्सर पूर्ण निरोगी असूनही त्याच्या वर जातात. ग्रेहाउंडच्या बांध्याच्या पळणाऱ्या जातींचं हृदयही शरीराच्या मानाने मोठं असतं. त्यामुळे कारवानीत नुसत्या या आकड्यावर निदान करायचं नाही. फुसफुस ऐकू येते का, आणि इकोमध्ये, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीत, डावा कप्पा खरंच फुगलाय का ते बघा. इकोत डावा कप्पा महाधमनीच्या १.६ पट किंवा जास्त असेल तर तो मोठा धरतात.

इको करणारे सगळीकडे नाहीत. सातारा जिल्ह्यात शिरवळला क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठाचं. कोणत्या दिवशी कोणती तपासणी होते ते आधी फोनवर विचारून घ्या, नाहीतर आजारी जनावराचे हाल होतात.

कृष्णाकाठ

हृदयाच्या गोळ्यांच्या वेळांवर लिहाल का? सगळ्यात जास्त गोंधळ तिथेच असतो.

गोठा_ते_घर (पशुवैद्य)

लिहितो. डोस तुमच्या डॉक्टरांनी वजन करून ठरवलेलाच द्यायचा. मी आकडे देतोय ते चिठ्ठी वाचता यावी म्हणून.

पिमोबेंडान, म्हणजे हृदयाच्या स्नायूला जोर देणारी गोळी: किलोला साधारण ०.२५ ते ०.३ मिग्रॅ, दिवसातून दोनदा. १० किलोच्या कुत्र्याला २.५ मिग्रॅची एक गोळी सकाळी, एक संध्याकाळी. उपाशीपोटी, जेवणाच्या तासभर आधी. जेवणात कालवून दिली तर नीट शोषली जात नाही. फुप्फुसात पाणी भरायच्या आधी, पण हृदय मोठं झाल्यावर, ही गोळी सुरू केली तर काय होतं ते २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एपिक चाचणीत ३६० कुत्र्यांवर तपासलं. हृदय निकामी होण्याचा टप्पा साधारण १५ महिने पुढे गेला. म्हणून नुसती फुसफुस ऐकू आली तरी एक्स-रे आणि इको टाळू नका.

फ्युरोसेमाइड, म्हणजे आपली लघवीची गोळी: सुरुवातीला बहुधा किलोला २ मिग्रॅ, दोनदा. म्हणजे १० किलोला ४० ची अर्धी गोळी. ही फुप्फुसात पाणी असेल तेव्हाच. बरोबर हृदयावरचा ताण कमी करणारी एनालाप्रिल किंवा बेनाझेप्रिल, पुढे स्पायरोनोलॅक्टोन. सुरू केल्यावर एक ते दोन आठवड्यांत क्रिएटिनिन, युरिया, सोडियम, पोटॅशियम तपासायचं. ‘आता बरा आहे’ म्हणून हीच तपासणी सगळ्यात जास्त चुकवली जाते, आणि मूत्रपिंड गेलेलं कळतं तेव्हा उशीर झालेला असतो.

खोकला वाढला म्हणून आपल्या मनाने लघवीची गोळी वाढवू नका. फुगलेला डावा कप्पा त्याच्या वर असलेल्या श्वासनळीच्या फांदीवर दाब देतो आणि त्यानेही खोकला येतो, फुप्फुस कोरडं असलं तरी. तो खोकला फ्युरोसेमाइडने जात नाही. गोळी वाढवत गेलात तर शरीरातलं पाणी आटतं, मूत्रपिंड बसतं आणि खोकला आहे तिथेच. झोपेतला श्वास २० आहे आणि खोकला चालूच आहे, तर डॉक्टरांना हे दोन्ही आकडे सांगा आणि ‘हा दाबाचा खोकला आहे का?’ असं सरळ विचारा.

उलट्या, जुलाब, दिवसभर काहीच खाल्लं नाही, जीभ कोरडी: त्या दिवशी लघवीची गोळी आणि एनालाप्रिल देण्याआधी फोन करा.

मेलॉक्सिकॅमसारखी दुखण्याची गोळी याच्या जोडीला डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. ब्राँकायटिससाठी प्रेडनिसोलोन (स्टेरॉइड) चालू असेल तर तीच मेलॉक्सिकॅम आतड्याला भोकं पाडते. माणसांचं आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक तर कधीच नाही. प्रेडनिसोलोन एकदम बंद करायची नसते, उतरत्या डोसने कमी करतात.

अजून एक जोडी लक्षात ठेवा. श्वासनळ्या मोकळ्या करणाऱ्या थिओफायलिनच्या गोळ्या चालू असताना एन्रोफ्लॉक्सासिन हे अँटिबायोटिक सुरू केलं तर थिओफायलिन रक्तात साठतं. कुत्रं अस्वस्थ होतं, छाती धडधडते, उलट्या होतात. दोन वेगळ्या दवाखान्यांतून औषधं चालू असतील तर सगळ्या चिठ्ठ्या दोघांनाही दाखवा.

अजिंक्यतारा

गोळी खायला घालण्याबद्दल. साताऱ्यात सर्रास कंदी पेढ्यात गोळी लपवतात. पेढा म्हणजे खवा आणि साखर. डॉक्सिसायक्लिन हे अँटिबायोटिक दुधाच्या कॅल्शियमला चिकटून बसतं आणि नीट शोषलं जात नाही. दुधातून गोळी देणाऱ्यांचंही तेच. डॉक्सी साध्या जेवणाबरोबर द्या आणि मागून थोडं पाणी पाजा, कारण गोळी अन्ननलिकेत अडकून राहिली तर तिथे जखम होते. पिमोबेंडान उपाशीपोटी द्यायची असल्याने ती उकडलेल्या चिकनच्या एका शेंगदाण्याएवढ्या तुकड्यात बसवा, अख्ख्या घासात नको.

आणि हात जोडून सांगतो, काढा किंवा पातळ औषध ढोसून पाजू नका. गाई-बैलाला मान वर करून नळ्याने पाजायची सवय असते, तीच कुत्र्याला लावली जाते. आधीच खोकणारं, धापणारं जनावर. मान वर केली की औषध सरळ श्वासनलिकेत उतरतं आणि दोन दिवसांत न्यूमोनिया उभा राहतो. द्यायचंच असेल तर मान जमिनीला समांतर, सिरिंज गालाच्या खिशात, एका वेळी एक-दोन मिली, आणि गिळल्याचं दिसल्याशिवाय पुढचं नाही. श्वास जोरात चालू असेल तर तोंडाने काहीच देऊ नका.

कासपठार

काढ्याचा विषय निघालाच आहे तर विचारते. तुळस, आलं, ज्येष्ठमध, मध असा घरगुती काढा चालतो का? आणि माणसांचं कफ सिरप थोडंसं?

गोठा_ते_घर (पशुवैद्य)

ताई, मध मोठ्या कुत्र्याला अर्धा चमचा चाटवलात तर हरकत नाही. मधुमेह असेल किंवा पिल्लू असेल तर नको. ज्येष्ठमध मात्र हृदयाच्या कुत्र्याला अजिबात नको. त्याने शरीरात मीठ-पाणी धरलं जातं, रक्तदाब वाढतो आणि पोटॅशियम घटतं. लघवीची गोळी पोटॅशियम आधीच घटवत असते, वरून हे. कांद्याचा रस, लसूण हे उपायही ऐकायला येतात. दोन्हींनी कुत्र्याच्या लाल पेशी फुटतात.

कफ सिरपचं लेबल वाचलंत तर त्यात बहुधा पॅरासिटामॉल, फेनिलएफ्रिन असं काहीतरी मिसळलेलं असतं. फेनिलएफ्रिनने हृदयाचे ठोके आणि रक्तदाब बिघडतात, पॅरासिटामॉल यकृतावर जातं. शुगर-फ्री बाटलीत साखरेऐवजी झायलिटॉल असेल तर कुत्र्याची साखर धाडकन उतरते. शिवाय ओला, कफाचा खोकला दाबायचाच नसतो. कफ आत राहिला की तिथेच सडतो. खोकला दाबणारी औषधं कोरड्या, रात्र-रात्र झोपू न देणाऱ्या खोकल्यासाठी आहेत, आणि ती डॉक्टरच्या चिठ्ठीनेच.

हळदपेव

घरातल्या हवेवर कोणी लिहिलं नाही, म्हणून लिहितो. आपल्याकडे ही बाब मोठी आहे.

गळीत हंगामात, नोव्हेंबर ते मार्च, संध्याकाळी पाचट पेटवतात. धूर जमिनीलगत बसतो आणि कुत्र्याचं नाक तिथेच असतं. त्या वेळी खिडक्या बंद, फिरणं सकाळी ऊन पडल्यावर. गुऱ्हाळाजवळ किंवा कारखान्याजवळ घर असेल तर गच्चीवर, ओट्यावर काळी काजळी पडते. ती झाडूने उडवू नका, ओल्या फडक्याने पुसा. हळदीचं पॉलिश, मिरची कांडप, पीठगिरणी याच्या शेजारी कुत्रं बांधलेलं असेल तर जागा बदलणं हेच पहिलं औषध.

घरात धूप, उदबत्ती, डासांची कॉइल बंद. कापूर तर नकोच, तो कुत्र्याला विषारी आहे. जाळूनही नको आणि छातीला चोळूनही नको. निलगिरी तेल, बाम हेही तसेच. चोळलेलं सगळं तो चाटतो.

साताऱ्याकडच्या पावसाळी भागात अडचण उलटी, ओल. गोणपाट धूळ आणि बुरशी दोन्ही धरतं. धुता येणारी सुती गोधडी घाला, दोन असू द्या म्हणजे एक वाळत राहते. बाजेवर किंवा फळीवर, जमिनीपासून वीतभर वर.

आणि तासगाव-सांगलीकडच्या घरांसाठी खास: बेदाणा. निवडायला पसरलेला असतो, दोन-चार खाली पडतात, कुत्रं टिपतं. द्राक्ष आणि बेदाणा कुत्र्याचं मूत्रपिंड निकामी करू शकतात, आणि किती खाल्ल्यावर हे आधी सांगता येत नाही. लघवीच्या गोळीवरच्या कुत्र्याला तर मुळीच मिळता कामा नये. खाल्लाच तर लगेच दवाखाना. घरी मिठाचं पाणी पाजून ओकवू नका, खोकणाऱ्या कुत्र्याला ते श्वासात जाण्याचा धोका मोठा.

वारणेचा_काठ

खाण्याचं थोडक्यात: पापड, फरसाण, ब्रेड, सुकट, माणसांच्या रश्शातलं चिकन बंद. ते सगळं मीठ आहे. मात्र मटण-चिकन-अंडीच बंद करून नुसत्या दूध-चपातीवर ठेवू नका. हृदयाच्या दुखण्यात पाठीच्या कण्याजवळचं मांस झिजतं, प्रथिनं लागतात. बिनमिठाचं उकडलेलं चिकन, भात, अंडं, थोडा भोपळा, दिवसातून तीन-चार वेळा थोडं थोडं. भूक नसेल तर कोमट करून द्या, वासाने खातात. आठवड्याला वजन. अचानक वाढलं तर पाणी साठतंय. पोट तट्ट दिसतंय का बघा.

मिरज_मेडिकल

नेब्युलायझर आणि ऑक्सिजनबद्दल. मिरजेत दवाखान्यांमुळे दोन्ही वस्तू भाड्याने सहज मिळतात, पण वापर कुत्र्यासाठी वेगळा आहे.

नेब्युलायझर कॉम्प्रेसरचं घ्या. कपात ०.९ टक्के सलाईन ३ ते ५ मिली, नळाचं किंवा फिल्टरचं पाणी नाही. मास्क नाकासमोर धरा, दाबून बसवू नका. १० ते १५ मिनिटं, दिवसातून दोन ते चार वेळा, डॉक्टर सांगतील तसं. घरात मुलासाठी आणलेलं दम्याचं साल्ब्युटामॉल उरलंय म्हणून त्यात घालू नका, हृदयाच्या कुत्र्याचे ठोके भलतेच वाढतात. इनहेलरचा डबा कुत्र्याने चावून फोडला तर ती इमर्जन्सी समजा. वापरल्यावर कप गरम पाण्याने धुऊन पूर्ण वाळवा. ओला कप झाकून ठेवला की जंतू वाढतात आणि पुढच्या वेळी तेच फुप्फुसात जातात.

न्यूमोनियात वाफेनंतर छाती थोपटतात. तळहाताचा खोलगट द्रोण करायचा, बोटं जुळलेली, आणि बरगड्यांवर मागून पुढे हलकं थोपटत यायचं, दोन्ही बाजूंना तीन ते पाच मिनिटं. पोकळ आवाज आला पाहिजे. चटचट आवाज आला तर हात सपाट पडतोय. मग अंगणात दोन फेऱ्या मारायच्या, कफ सुटतो. हृदयामुळे फुप्फुसात पाणी, चपटी श्वासनलिका, छातीत गाठ, मोडलेली बरगडी, प्लेटलेट कमी असलेला गोचीड ताप: यातलं काही असेल तर थोपटणं नाही.

ऑक्सिजन: ५ लिटरचा कॉन्सन्ट्रेटर, म्हणजे हवेतून ऑक्सिजन काढणारं मशीन. नळीचं टोक नाकापासून दोन-तीन सेंटिमीटरवर, मिनिटाला २ ते ३ लिटर. नाकावर फुंकर बसली की कुत्रं तोंड फिरवतं, मग थोडं बाजूने धरा. जास्त वेळ द्यायचा असेल तर ऑपरेशननंतर घालतात ती प्लास्टिकची कॉलर घालून तिचं पुढचं तोंड खालून पाऊण भाग क्लिंग फिल्मने झाका, नळी आत सोडा, वरचा भाग उघडाच ठेवा. पूर्ण बंद केलंत तर उच्छ्वासाचा वायू आणि उष्णता आतच कोंडते. त्याच कारणाने बंद खोक्यात ठेवू नका.

देवघरातली समई, गॅस, विडी-सिगारेट त्या खोलीत नको. लाइट गेली की कॉन्सन्ट्रेटर बंद पडतो. ५ लिटरचं मशीन साधारण साडेतीनशे वॅट घेतं, तुमचा इन्व्हर्टर किती वेळ ओढतो ते दिवसा एकदा चालवून बघा. जोडीला छोटा सिलिंडर भरून ठेवलेला बरा.

पसरणीघाट

रात्री न्यायची वेळ आली तर: मान लांब, कोपरं बाहेर फाकलेली, आडवं व्हायला तयार नाही, पोटाने श्वास ओढतोय, तोंडाला गुलाबी फेस किंवा चक्कर. यातलं एकही दिसलं तर सकाळची वाट नाही. उचलताना छातीखाली हात घालून बसतं धरा, कुशीवर आडवं करू नका. तोंडाला जाळी किंवा दोरी बांधू नका, त्याला तोंडानेच श्वास घ्यायचाय. गाडीत एसी आधी चालू करून मग आणा. एकाने गाडी चालवायची, दुसऱ्याने मागे बसायचं. निघतानाच दवाखान्यात फोन करून ‘ऑक्सिजन तयार ठेवा’ सांगा. साताऱ्याहून शिरवळ खंबाटकी ओलांडून तासाभरावर, सांगलीहून तीन तासांच्या पुढे. एवढा प्रवास धापणाऱ्या कुत्र्याला झेपत नाही, म्हणून आधी जवळच्या दवाखान्यात इंजेक्शन आणि ऑक्सिजनने स्थिर करून मगच पुढे न्या.

गोठा_ते_घर (पशुवैद्य)

याला जोडून: शांत असतानाच डॉक्टरांकडून लिहून घ्या की रात्री आकडा ४० च्या वर गेला तर लघवीची जादा गोळी द्यायची का, किती आणि त्यानंतर किती वेळ थांबायचं. मध्यरात्री डॉक्टरांचा फोन लागला नाही तर तो कागद कामाला येतो.

कासपठार

कोणीतरी विचारायलाच हवं. औषधांनी भागत नाही, हे कशावरून समजायचं?

गोठा_ते_घर (पशुवैद्य)

ताई, तीन गोष्टी बघा. आडवं पडून झोपू शकतो का, की रात्रभर बसूनच काढतो? आवडीचं खाणं नाकाशी धरलं तर घेतो का? आणि औषधांचा डोस पुरता वाढवूनही झोपेतला श्वास ४० च्या खाली येत नाही असे दिवस लागोपाठ येतायत का? तिन्हींचं उत्तर वाईट असेल तर दयामरणाबद्दल डॉक्टरांशी बोला. आधी झोपेचं इंजेक्शन देतात, गाढ झोप लागल्यावरच दुसरं. गुदमरून जाण्यापेक्षा ते फार शांत असतं. निर्णय घाईत, रात्री दोन वाजता घ्यावा लागू नये म्हणून आधी बोलायचं. त्यात अपराधी वाटून घेण्यासारखं काही नाही.

वारणेचा_काठ

ब्राँकायटिसवाल्यांसाठी: गोळ्यांऐवजी फ्लुटिकासोन या स्टेरॉइडचा पंप लहान मुलांच्या स्पेसर-मास्कमधून देता येतो, डॉक्टरांना विचारा. आधी चार-पाच दिवस नुसता रिकामा मास्क नाकाला लावून खाऊ द्या. मग पंप हलवून स्पेसरमध्ये एक दाब, मास्क तोंडावर, सात ते दहा श्वास मोजायचे. परिणाम दिसायला एक-दोन आठवडे लागतात, तोपर्यंत गोळ्या बंद करायच्या नाहीत.

माणदेशी

शेवटचं विचारतो. लघवीच्या गोळीने रात्री घरातच होते. घरचे म्हणतात रात्री पाण्याचं भांडं उचला.

गोठा_ते_घर (पशुवैद्य)

भांडं उचलू नका, दिवसा नाही आणि रात्रीही नाही. गोळी पाणी बाहेर काढतच राहणार, वरून प्यायला मिळालं नाही तर मूत्रपिंडावर येतं. वेळा बदला. सकाळी ६ आणि संध्याकाळी ६ ठेवा. गोळीचा जोर पहिल्या दोन तासांत सगळ्यात जास्त आणि साधारण सहा तासांत ओसरतो. संध्याकाळची गोळी दिल्यावर ७ ला, ८ ला आणि झोपण्याआधी ११ ला बाहेर काढा. तरीही झालं तर गोधडीखाली प्लास्टिक आणि वर जुनं धोतर. रागावू नका, त्याच्या हातात ते नाही.